संसारात राहून नेम कसा धरावा

सुगी आटोपली की आमच्या भागात पारायणं सुरू होतात. गल्लीच्या तोंडाला मंडप पडतो, पहाटे काकड आरती, दिवसभर ज्ञानेश्वरीचं वाचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. काल्याच्या दिवशी महाप्रसाद जेवून घरी परतताना निम्म्या गावानं मनात ठरवलेलं असतं की उद्यापासून आपणही काहीतरी नेम धरायचा. पुढच्या एकादशीला त्यातल्या बहुतेकांना ते आठवतसुद्धा नाही.

यात श्रद्धा कमी पडते असं मला वाटत नाही. माप चुकतं. काल्याच्या दिवशी मन भरलेलं असतं, घरी स्वयंपाक नसतो, शेतात काम नसतं, आणि त्या दिवसाच्या मापानं माणूस पहाटे चारला उठण्याचा, रोज एक अध्याय वाचण्याचा आणि चहा सोडण्याचा नेम एकाच दमात धरून बसतो. पुढचा सोमवार काही काल्याचा दिवस नसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांचं घर, नोकरी, शेती, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं सगळं चालू आहे, आणि तरी ज्यांना रोजच्या जगण्याला काहीतरी धरबंध हवा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मठात जाऊन राहणाऱ्यांचा मार्ग वेगळा, त्यांना याची गरज नाही.

माप वाईट दिवसाचं घ्या

गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट दिवस आठवा. आषाढातली रोप लावणी चालू आहे, पाऊस थांबत नाही, चिखलातून घरी यायला अंधार झालाय. किंवा उद्यमबागेतल्या फौंड्रीत थर्ड शिफ्ट करून सकाळी आलाय आणि बायकोला ताप आहे. किंवा घरातलं कुणीतरी दवाखान्यात आहे आणि तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर. त्या दिवशी तुमच्याकडून काय झालं असतं? अकरा वेळा नाम? हरिपाठाचा एक अभंग? जे झालं असतं तेवढाच तुमचा नेम. त्यापेक्षा एक मणीही जास्त धरू नका.

लोकांना हे फार थोडं वाटतं. आमच्या भजनात येणाऱ्या एका पोरानं एकदा मृदंगवाल्या मामांना विचारलं, "मामा, नेम धरायचा म्हणजे काय काय सोडायला लागतंय ओ?" मामा म्हणाले, "आधी धर की रे. सोडायचं मागनं बघू." मला वाटतं, या विषयावरच्या बऱ्याच प्रवचनांपेक्षा हे उत्तर कामाचं आहे. चांगल्या दिवशी जास्त केलंत तर ते आनंदानं करा, पण त्याला नेम म्हणू नका. ते वरचं. वरचं झालं नाही तर मनाला टोचणी नको.

दुसरं, नेम घड्याळाला बांधू नका. सहा वाजता म्हणजे सहा वाजता, हे सरकारी नोकरांना आणि निवृत्तांना जमतं. शिफ्ट बदलणाऱ्याला, दूध काढणाऱ्याला, वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्याला ते जमत नाही, कारण त्यांचा दिवस दुसऱ्याच्या हातात असतो. नेम एखाद्या रोज होणाऱ्या कामाला बांधा. अंघोळ झाली की. देवापुढे दिवा लावला की. दुकानाचं शटर वर गेलं की, गिऱ्हाईक येण्याआधी. बस सांबऱ्याच्या पुढं गेली की.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी हरिपाठ भाकऱ्या करताना म्हणतात. पीठ मळताना पहिला अभंग, तवा तापेपर्यंत दुसरा, आणि मग परातीवर हाताची थाप आणि तोंडात ओळ एकाच ठेक्यात. भाकरी तव्यावर पडली की ओळ मध्येच थांबते. हाताला पाणी लावून त्या भाकरीवर फिरवतात, कडा सुटल्या का बघतात, उलटतात, आणि ओळ जिथं थांबली होती तिथूनच पुढं सुरू. बाजूला सून उभी असते, तिला "मीठ बघ गं" असं सांगायलाही त्या थांबतात. कुणी म्हणेल याला काय एकाग्रता म्हणायची. पण त्या भाकऱ्या रोज होतात, म्हणून हरिपाठही रोज होतो. बायकांच्या बाबतीत तर मी हेच सांगेन. स्वतंत्र वेळ मिळेल तेव्हा बसू असं म्हटलं तर नातवंडं मोठी होईपर्यंत वेळ मिळत नाही.

काय म्हणायचं, काय वाचायचं

इथं फार विचार करू नका. ज्या घरात जे चालत आलंय ते घ्या. घरात वारकरी परंपरा असेल तर "रामकृष्णहरि" हा मंत्र आणि ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ. भजनाच्या चालीत टाळ-मृदंगासह म्हटला तर अर्धा तास लागतो, एकट्यानं वाचला तर साधारण त्याच्या निम्मा. एवढा वेळ नसेल तर रोज एकच अभंग. हरिपाठाचे २७ अभंग आहेत, काही प्रतींत २८, म्हणजे महिन्याला एक फेरी होते.

ग्रंथ वाचायचा असेल तर आधी साधा हिशोब मांडा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. रोज २५ ओव्या वाचल्या तर वर्षभरात एक वाचन पूर्ण होतं, आणि २५ ओव्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकी १० समास, म्हणजे २०० समास. रोज एक धरला तर साडेसहा-सात महिने. मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज पाच घेतले तर ४१ दिवस, आणि लहान मुलांसोबत म्हणायला तेच सगळ्यात सोपे. तीन दिवसांच्या पारायणात दिवसाला सहा-सहा अध्याय होतात. त्यात गोडी आहे, सगळं गाव एका सुरात वाचत असतं, पण अर्थ मागं राहतो. घरातल्या २५ ओव्या अर्थासाठी. समजलं नाही तर सार्थ, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेली, प्रत घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

घरात माळ जपायची पद्धत असेल तर १०८ मण्यांच्या एका माळेला चार-पाच मिनिटं लागतात. मोबाईलवर मोजणारी ॲप आली आहेत. मला ती आवडत नाहीत, कारण मोजता मोजता वरून मेसेज येतो आणि बोट तिकडं जातं. पण एसटीत उभं राहून जाणाऱ्याला ती बरी पडत असतील तर मी कोण बोलणारा.

आपल्या सीमाभागात आणखी एक सोय आहे, तिचा फायदा फार कमी लोक घेतात. इथल्या साधनेनं भाषेची भिंत कधी मानली नाही. निंबाळचे गुरुदेव रानडे याच मातीतले. जन्म १८८६ सालचा, जमखंडीचा. गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज. पुढं ते अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले, मराठी संतांवर, कन्नड संतांवर, हिंदी संतांवर मोठे ग्रंथ लिहिले, आणि १९५७ साली निंबाळलाच देह ठेवला. त्यांच्या इंचगेरी परंपरेत घरी कन्नड बोलणारी माणसं आजही मराठी दासबोध वाचतात. बेळगावात हिंदवाडीला गुरुदेव रानडे मंदिर आहे, अनगोळला कलावती आईंचं हरिमंदिर आहे. जवळ राहत असाल तर एखाद्या दिवशी नुसतं जाऊन बसून या. शेजारचं घर लिंगायत असेल तर त्यांच्याकडून कायक आणि दासोह म्हणजे काय ते समजून घ्या. काम हीच पूजा आणि कमाईतला वाटा समाजाचा, हे बसवण्णांच्या शरणांनी बाराव्या शतकात सांगितलं आणि जगून दाखवलं. आपला नेम सोडायचा नाही, पण शेजाऱ्याचा समजून घ्यायला काय हरकत आहे?

पहिला पंधरवडा

आयुष्यभराचा नेम धरू नका. एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत धरा. पंधरवडा झाला की पुन्हा पुढच्या एकादशीपर्यंत. कॅलेंडरवर त्या दिवशी पेन्सिलीनं छोटी खूण करा, बास. वही, तक्ता, ग्रुपवर रोज हजेरी असलं काही करू नका. ग्रुपवर हजेरी लागली की नेम देवाचा न राहता ग्रुपचा होतो.

या पंधरवड्यात कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांना सोडून. घरच्यांना सांगायचं ते अशासाठी की त्या वेळेत त्यांनी हाक मारली तर तुम्ही चिडणार नाही, हे त्यांना कळावं. हो, चिडणार नाही. नेमात बसलेल्या माणसाला पोरानं हाक मारली आणि त्यानं डोळे वटारले, तर तो नेम तिथंच फुकट गेला. उठा, पोराचं बघा, परत बसा.

खाडा पडला तर

पडणारच. लग्नसराई, मयत, आजारपण, परीक्षा, काहीही असेल. एक दिवस खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण दुप्पट करायला गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो आणि चौथ्या दिवशी सोडतो. काल गेला, आज आजचं. तीन-चार दिवस सलग खाडा पडायला लागला तर मापच मोठं झालंय असं समजा आणि ते आणखी लहान करा. अकराचं पाच झालं तरी चालेल.

सुतकात काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. देवपूजा, आरती दहा दिवस थांबते, ती घरच्या रिवाजाप्रमाणे थांबवा. नामाला सुतक नाही. वारकऱ्यांच्या घरात मयताच्या पहिल्याच रात्री भजन करतात ते याच समजुतीनं. बायकांच्या पाळीच्या दिवसांचंही तेच. देव्हाऱ्याला शिवायचं की नाही हे ज्या त्या घरानं ठरवावं, पण नाम, हरिपाठ, वाचन थांबवण्याचं काही कारण नाही. ज्या घरात थांबवायला लावतात तिथं सासूबाईंशी वाद घालत बसू नका. मनातल्या मनात म्हटलेलं नाम कुणाला ऐकू येतंय?

माळ घालावी का

तुळशीची माळ गळ्यात घालणं हा या सगळ्यातला फार पुढचा टप्पा आहे, आणि लोक तो पहिला घेतात. माळ घातली की मद्य-मांस सुटलं, एकादशी आली, हरिपाठ आला, वर्षातून निदान एक वारी आली. परस्त्री मातेसमान हेही त्यातच आलं, आणि ते मटणापेक्षा महत्त्वाचं आहे. माझं मत असं की एक पूर्ण वर्ष नेम टिकला, त्यात एक गावयात्रा आणि एक लग्नसराई पार पडली, आणि तरी इच्छा राहिली, तर माळ घालावी. गावयात्रा मुद्दाम म्हटलं. आपल्याकडच्या महालक्ष्मीच्या यात्रेत पाहुण्यांच्या ताटात मटण असतं, शेजारी बसलेला चुलतभाऊ "एक दिवस काय होतंय की" म्हणत असतो, आणि माळकरी माणसाची खरी परीक्षा पंढरपुरात कमी आणि त्या पंगतीत जास्त होते. पंगतीत नाही म्हणताना समोरच्याच्या ताटाकडं तोंड वाकडं करून बघायचं नाही, ही त्या परीक्षेची दुसरी बाजू.

एकादशी

वर्षाला २४ एकादशा, अधिक महिना आला तर २६. साबुदाण्याची खिचडी, वडे, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, वर केळी आणि चहा. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली. उपवास करायचा असेल तर एक वेळचं जेवण सोडा आणि दुसऱ्या वेळी उकडलेली रताळी, ताक आणि फळ असं साधं खा. रताळी तर आपल्या बेळगावच्या पश्चिम भागातल्या शेतातच पिकतात, उपवासाचा आणखी स्वस्त आणि चांगला पदार्थ कोणता?

साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र नीट ऐका. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा पिष्टमय पदार्थ, खाल्ला की रक्तातली साखर झपाट्यानं चढते. उलट गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, माणूस बेशुद्धही होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळ, निरंकार असलं काही करू नका. ज्याला उपवास झेपत नाही त्यानं त्या दिवशी कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही एवढं पाळावं. करून बघा, खिचडीपेक्षा जड जातं.

नेम घरात दिसायला हवा

मला खरं सांगायचंय ते इथं. नेमाचा दाखला देव्हाऱ्यात मिळत नाही, घरातल्या माणसांकडून मिळतो. तीन महिने झाले की बायकोला, सुनेला, नवऱ्याला, ज्याला तुमचा जास्त त्रास होतो त्याला सरळ विचारा: "माझ्यात काय फरक पडलाय काय?" उत्तर ऐकून घ्या, खुलासा देऊ नका. "पहाटे घंटी वाजवून सगळ्यांना उठवायलाय, तेवढा फरक" असं उत्तर आलं तर हसून घ्या आणि घंटी बंद करा.

रोजच्या नेमाला जोडून जिभेचा एक छोटा नेम धरावा, पुन्हा वाईट दिवसाच्याच मापानं. जेवायला बसलेल्या माणसाला दोष द्यायचा नाही, हा सगळ्यात चांगला. पोराचे मार्क, सुनेचं माहेर, भावाचा बांध, सोसायटीचा हप्ता, सगळे विषय ताट उचलल्यावर. पहिल्या आठवड्यात जेवण फार शांत वाटतं, कारण बोलायला दुसरं काही नसतंच. मग हळूहळू पोरं शाळेतलं काहीतरी सांगायला लागतात.

बाहेरून आणलेल्या रागाचं काय करायचं हा आपल्या भागातला मोठा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि आपली गावं तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर ऑफिसातला कागद कन्नडमध्ये, उताऱ्याची भाषा कन्नड, काउंटरवरचा माणूस कधी समजून घेणारा तर कधी खेकसणारा. ज्यांनी या प्रश्नासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, त्यांच्या घरातल्या माणसाला "राग सोडून दे" म्हणून सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि न्यायाची मागणी सोडणं म्हणजे अध्यात्म असंही मी मानत नाही. मोर्चाला जायचं असेल तर जा. पण काउंटरवरचा राग उंबऱ्याच्या आत येतो तेव्हा तो त्या कारकुनावर निघत नाही, तो बायकोवर आणि पोरांवर निघतो. शेजारच्या कन्नड घरातल्या आजीवर निघतो, जिनं तुमच्या पोराला पडसं झालं तेव्हा काढा करून दिला होता.

म्हणून एक साधी गोष्ट करा. घरी आलं की हातपाय धुवायची आपली पद्धत आहेच. हातपाय धुतल्यावर पुसायच्या आधी, तिथंच उभं राहून पाच वेळा नाम घ्या, मग आत या आणि मग बोला. राग जाणार नाही, पण तोंडातून पहिला शब्द तरी वेगळा येईल. आणि पुढच्या वेळी ऑफिसला जाताना कन्नड लिहिता येणाऱ्या शेजाऱ्याकडून अर्ज आधीच भरून घेऊन जा. निम्मा राग हेलपाट्यांचा असतो, तो हेलपाटे कमी झाले की कमी होतो. ही व्यवहाराची गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

पैसा

अध्यात्मावर लिहिणारी माणसं पैशाजवळ आली की गडबडीनं पुढं जातात. मी थोडा थांबतो, कारण आपल्याकडची बरीच घरं देवाच्याच नावानं कर्जात गेलेली बघितलीत.

बऱ्याच वर्षांनी आपल्या गावची मोठी यात्रा येते. घराला रंग, शक्य असेल तर पुढचं बांधकाम, लेकीबाळींना साड्या, पाहुणे तीन-चार दिवस, मंडप, बकरी, वर घरटी वर्गणी. चार भावांतला एकजण तरी सोनं गहाण ठेवतो, आणि यात्रेनंतरची दोन-तीन वर्षं ते सोडवण्यात जातात. देवीनं हे कधी मागितलं होतं? पंच कमिटीनं यात्रेचं साल ठरवलं त्या महिन्यापासून बँकेत आवर्ती ठेव सुरू करा. यात्रा येईल तेव्हा त्यात जेवढे असतील तेवढ्याचीच यात्रा. पाहुण्यांना वरण-भात, खीर आणि कुंदा दिला म्हणून कुठलाही पाहुणा मागं फिरत नाही. नावं ठेवतील, ती पंचपक्वान्नं केली तरी ठेवतात.

दानाचंही माप आधी ठरवून ठेवा. शेतकऱ्यानं सुगीत खळ्यावरच पहिलं माप बाजूला काढावं, घरात पोतं गेल्यावर ते निघत नाही. नोकरदारानं पगाराच्या दिवशी. रक्कम एवढी असावी की ती गेल्यावर घरातल्या कुणाचं औषध किंवा फी अडू नये. आणि दान आधी जवळच्याला. नवऱ्यामागं पोरं वाढवणारी चुलत बहीण सोडून लांबच्या देवस्थानाला पावती फाडायची, हे मला पटत नाही.

भजनी मंडळाच्या, भंडाऱ्याच्या पैशाबद्दल एक कानगोष्ट. ते पैसे जास्त व्याजाच्या लोभानं कुठल्याही पतसंस्थेत टाकू नका. बँक बुडाली तर, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थांना, क्रेडिट सोसायट्यांना ते नसतं. दरवर्षी हिशोब मंदिराच्या फळ्यावर लावा. ज्या मंडळात हिशोब फळ्यावर असतो त्या मंडळात भांडणं कमी होतात, हे कुठल्याही गावात जाऊन बघा.

संगत आणि बुवा

एकट्याचा नेम सुकतो. आठवड्यातून एकदा, नाही जमलं तर एकादशीला, गावातल्या भजनाला जा. गाता येत नसेल तर टाळ धरा. टाळही येत नसेल तर मागं बसा. पायी दिंडीत एकदा तरी चाला, आषाढीला, कार्तिकीला किंवा माघीला. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं तो दिंडीत तुमच्या पायाला तेल लावतो, असं घडतं, आणि ते घरी बसून घडत नाही.

गुरू कसा ओळखावा हे मी सांगू शकणार नाही. पण कुठून उठून यावं ते सांगता येईल. जो औषधं बंद करायला सांगतो. जो बाईमाणसाला एकटीला खोलीत बोलावतो. जो "हे घरात सांगू नको" म्हणतो. जो पूजेसाठी सोनं किंवा जमिनीचा कागद मागतो. जो तुमच्यावर कुणीतरी केलंय असं सांगून भावाचं किंवा शेजाऱ्याचं नाव घेतो. यातली एक जरी गोष्ट दिसली तर नमस्कार करून उठायचं आणि परत जायचं नाही, मग त्याच्या मागं गाड्यांची कितीही मोठी रांग असो.

मन फारच खचलं असेल तर

नेमानं मनाला आधार मिळतो, पण नेम हे औषध नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच गोडी नाही, जीव द्यावासा वाटतो, अशा माणसाला "नामस्मरण वाढव" म्हणून सांगू नका. त्याला डॉक्टरकडं न्या. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिम्हान्स, बेळगावहून दोनेक तासांची वाट. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. गोळ्या चालू असताना नाम घेता येतं, त्यात काही विरोध नाही. तेव्हाही माप तेच, त्या दिवशी जेवढं होईल तेवढं. एकदाही झालं नाही तरी देव खाडा मांडत नाही.

म्हातारपण आणि अंथरूण

ज्यांचा नेम मोठा होता त्यांनाच म्हातारपणी जास्त त्रास होतो. डोळ्याला दिसत नाही, मांडी घालून बसवत नाही, वारी चुकते, आणि म्हातारा माणूस रडतो की माझं सगळं राहिलं. घरातल्यांनी अशा वेळी त्यांचा नेम वाटून घ्यावा. सुनेनं स्वयंपाक करता करता हरिपाठ मोठ्यानं म्हणावा, आजोबांना ऐकू येईल असा. नातवानं शाळेतून आल्यावर पाच श्लोक त्यांच्या कानाशी म्हणावेत. वारीला त्यांच्या ऐवजी मुलगा जाऊन येतो ही पद्धत घराघरांत आहेच.

कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांच्या खोलीत जाताना हातात काम घेऊन जा, शेंगा फोडा, भाजी निवडा. नुसतं समोर बसून "कसं वाटतंय" विचारलं की त्यांनाही अवघडतं आणि आपल्यालाही. बँक, उतारा, पेन्शन, कोणाचं देणं-घेणं, हे सगळं त्यांना बोलता येतंय तोवर एका वहीत लिहून घ्या, आणि सही चालतेय तोवर वकिलाकडून इच्छापत्र करून घ्या. लोक हे विचारायला लाजतात आणि तेराव्याच्या दिवशी भांडतात. भांडण नको असेल तर ती वही कुठल्या ट्रंकेत आहे हे सगळ्या भावंडांना, लग्न होऊन गेलेल्या बहिणींनासुद्धा, आधीच सांगून ठेवा.